खलात गेलेली कॅप्सूल

आमच्या बिल्डिंगखाली सकाळी फिरून आलेली मंडळी चहाच्या टपरीवर थांबतात. चहा उकळेपर्यंत एकेकाच्या खिशातून पट्टी निघते, टचकन एक कॅप्सूल बाहेर येते आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर आत जाते. कोणी दिली, कशासाठी, किती दिवस घ्यायची, असं विचारलं की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या घरच्या देवाबद्दल काही बोललोय. परवा एकाने मलाच विचारलं, "तुम्ही तर औषधाच्या लाइनीत होतात, मग तुम्ही का नाही घेत?" मी म्हटलं, "मी ती विकायचो." त्याला काही समजलं नाही. त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना समजावं म्हणून हे लिहितोय.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होतो. लोक एमआर म्हणतात. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा तोंडावर काळं पुट चढलेलं, फक्त डोळे ओळखीचे. मी बी.एस्सी. झाल्याचं महाडकडच्या आमच्या गावी कळलं तेव्हा चुलत्याने पेढे वाटले आणि विचारलं, "म्हणजे आता डॉक्टर झाला का?" वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "डॉक्टर नाय. डॉक्टरला शिकवायला जातो." ते वाक्य मी पुढे नोकरीभर निभावायचा प्रयत्न केला. कसा, ते बघा.

एमआरचं काम ऐकायला सोपं आहे. डॉक्टरांना भेटायचं आणि त्यांना आपल्या कंपनीचं औषध लिहायला लावायचं. प्रत्यक्षात टाय लावून दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या मधे बसायचं, कोणी कण्हत आला की त्याला जागा द्यायची, आणि सगळे संपले की डॉक्टर हात धुतील तेवढ्या वेळात रंगीत चित्रांची फाइल उघडून पाठ केलेलं बोलून टाकायचं. डॉक्टरांचे हात कोरडे झाले की आपला तास संपला. पण त्या बाकावर मला फुकटात एक शिक्षण मिळालं. माणसं डॉक्टरांना जे सांगतात आणि बाकावर शेजारच्याला जे सांगतात, ती दोन वेगळीच दुखणी असतात.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मीरा रोडला मिठागरं आणि शेतं बुजवून बिल्डिंगा चढत होत्या. दादर-गिरगाव-परळची माणसं सामान बांधून इकडे येत होती, आणि सामानात न बांधता आपापली ॲसिडिटीही घेऊन येत होती. माझ्यासारख्याला सुगीचे दिवस. फक्त मी नवा होतो आणि प्रोबेशनवर होतो, म्हणजे पक्का नव्हतो. आमचे मॅनेजर मेहता सर. गुजराती माणूस, मराठी स्वच्छ बोलायचे, पण राग आला की हिंदीत जायचे. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "खारीचा डॉक्टर एकदा लिहायला लागला ना, की भाईंदर पूर्वेचे सगळे लाइनीत येतात. तो आला नाही, तर दिवाळीनंतर तू पण दुसरी लाइन बघ." हे हिंदीत म्हणाले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

खारीचे डॉक्टर म्हणजे डॉक्टर गोरक्षकर. खारी हे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव, दवाखानाही जुना, आणि आसपासचे तरुण डॉक्टर कोड्यात पडले की यांच्याकडे यायचे. माझ्या कार्डावर नावापुढे बी.एस्सी. छापलेलं होतं. ते त्यांनी वाचलं आणि त्या दिवसापासून माझं मूळ नाव त्या दवाखान्यात कोणी घेतलं नाही.

आता पोटाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जठरात ॲसिड तयार होतं. जेवण पचवायला ते लागतंच. ते जागा सोडून वर अन्ननलिकेत आलं की छातीत जळतं. जुना उपाय म्हणजे खडूसारखी चघळायची गोळी. ती झालेलं ॲसिड मारते, म्हणजे लादीवर सांडलेलं पाणी फडक्याने पुसावं तसं. घटकाभराने लादी पुन्हा ओली. मग आली रॅनिटिडीनची गोळी. ती नळ फिरवून धार बारीक करते. आणि आमच्या कंपनीने नुकतीच आणलेली ओमेप्राझोलची कॅप्सूल थेट पंपच बंद करते. ही उपमा मला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतली होती. मी ती गोरक्षकरांना मोठ्या ऐटीत ऐकवली. ते टॉवेलला हात पुसत म्हणाले, "अरे बीएस्सी, इथं लोक टँकरमागे हंडे घेऊन पळतात. पाणी बंद करायला आलेल्या माणसाला खारीत उभं कोण करेल?"

मी हटलो नाही. दर आठवड्याला जायचो, तेच बोलायचो. शेवटी श्रावणात एकदा त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "तुझ्या कॅप्सुलीत एवढा दम असेल तर कुस्ती लावू. छातीत जळतं, पोट जड वाटतं असे पेशंट रोज येतातच. काहींना तुझी कॅप्सूल, काहींना रॅनिटिडीन. कोणाला काय गेलं ते फक्त मला आणि सुमनला माहीत. तुझी जिंकली तर मी लिहीन. हरली तर तू इथे यायचंस ते चहा प्यायला, बॅग बाहेर ठेवून."

सुमनताई म्हणजे त्यांची कंपाउंडर. खारीतलीच, आतल्या खोलीत लाकडी खिडकीमागे बसायची आणि तिथून औषधं द्यायची.

मी बी.एस्सी. असल्यामुळे लगेच शंका काढली. म्हटलं, "डॉक्टर, पण कॅप्सूल दिसायला झोकदार आहे, गुलाबी आणि जांभळी. ती बघूनच लोकांना बरं वाटायला लागेल. मग कुस्ती खरी कशी?"

"शहाणा आहेस," ते म्हणाले. "दोन्ही औषधं अगदी सारखी दिसतील. ते माझ्यावर सोड."

मी खूश. बॅगेतले होते नव्हते तेवढे नमुने टेबलावर ओतले आणि निघालो. वाटलं, वडील म्हणाले ते काही अगदीच खोटं नाही.

त्यानंतर बाकावर बसून मी कान टवकारले. तिथे हिराजीदादा भेटायचे. पावसात भातखाचरात आणि पाऊस गेला की मिठागरावर, दोन्हीकडे काम वाकूनच. त्यांची तक्रार त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. "वाकलं का आंबट पानी नाकाला येतं. निजलं का परत येतं. आता बगळ्यासारखा उभ्यानं निजू का?" माझ्या कॅप्सुलीसाठी याहून चांगला पेशंट देवानेही बनवला नसता. मी मनातल्या मनात प्रार्थना केली की यांना आमचीच गेलेली असो. पुढच्या आठवड्यात विचारलं, "काय दादा, फरक?" ते म्हणाले, "फरक हाय. आधी निसतं जळायचं, आता औषधाचे पैसं पन जळतात."

श्रावण संपता संपता निकाल लागला. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली तेव्हाच मी काय ते समजलो.

"तुझा पैलवान चीत झाला रे," ते म्हणाले. "रॅनिटिडीनवाले बरेचसे बरे आहेत. तुझ्याकडचे जसेच्या तसे. हिराजी तुझ्याकडेच होता."

मी म्हटलं, असं होणं शक्यच नाही. ते म्हणाले, शक्य नाही ते झालंय, चहा घे. मी चहा घेतला. बॅग दोन्ही पायांमध्ये घट्ट धरून घेतला. दिवाळी किती जवळ आली आहे याचाच विचार डोक्यात होता. घरी आईने वडिलांसमोर विचारलं की नोकरी पक्की कधी होणार, तेव्हा मी टायची गाठ सोडायला बराच वेळ लावला.

दवाखान्यात गणपती बसायचा. डॉक्टरांनी मला दर्शनाला बोलावलं होतं, आणि बॅगेशिवाय ये हे पुन्हा बजावलं होतं. गेलो. मूर्ती सुरेख. मखराला वर गुलाबी-जांभळं तोरण लावलेलं, लांबून मोगऱ्याच्या कळ्या रंगवून ओवल्यात असं वाटावं. पावसाळी हवेने काही कळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मी जवळ गेलो. कॅप्सुली होत्या. आमच्या. रिकाम्या.

"सुमनताई, हे तोरण कोणी केलं?"

"मीच. एवढी झकास टरफलं, फेकायला जीव होईना. रंग बघा कसा हाय."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं लोकांच्या पोटात. खलात कुटून." मग तिने उजवा दंड चोळून दाखवला. "काय टनक दाने व्हते ओ तुमचे, खसखशीवानी. एवढे टनक पोटात विरघळायचे कसे, म्हनून चांगलं पीठ होस्तोवर कुटले. हात दुखून आला माझा."

देवासमोर जोडलेले हात मी तसेच कपाळाला लावले.

ज्यांना खारीतला तो काळ माहीत नाही त्यांना सांगतो. तिथे गोळी म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू, आणि पुडी म्हणजे डॉक्टरांचं औषध. अख्खी गोळी हातावर ठेवली तर लोकांना वाटायचं, मग डॉक्टरांनी काय केलं? डॉक्टरांनाही पुडी सोयीची. कुटलेल्या औषधाचं नाव कळत नाही, म्हणजे माणूस परस्पर दुकानात जात नाही. त्यामुळे त्या दवाखान्यात खलात न जाता बाहेर पडणारं औषध म्हणजे फक्त इंजेक्शन. आणि कुस्तीसाठी दोन्ही औषधं सारखी दिसायला हवीत म्हटल्यावर तर प्रश्नच नव्हता. माझ्याच शंकेची पूर्ण काळजी घेतली गेली होती.

पण आमच्या कॅप्सुलीतल्या त्या दाण्यांना वरून एक लेप असतो. तो जठरातल्या ॲसिडला दाद देत नाही, पुढे आतड्यात जाऊन सुटतो, आणि मग औषध रक्तात शिरून आपलं काम करतं. लेप फोडला की औषध उघडं पडतं. मग ज्या ॲसिडचा बंदोबस्त करायला त्याला पाठवलं, तेच ॲसिड दारातच त्याचा निकाल लावतं. सुमनताईने मन लावून, हात दुखेपर्यंत, आमच्या पैलवानाचे आखाड्यात उतरण्याआधीच हातपाय मोडून ठेवले होते.

मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडात मोदक होता. ते बोलू शकत नव्हते, पण पोट हलत होतं. मोदक उतरल्यावर म्हणाले, "म्हणजे कुस्ती रद्द. परत लावू. पण सारखी दिसायला तर हवीत."

त्यावर सुमनताई उठली आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. तोरणाला लागली नाहीत ती सगळी टरफलं तिने त्यात, तळाला तांदूळ घालून, कोरडी ठेवली होती. पुढच्या वर्षीच्या तोरणाला होतील म्हणून.

मग आम्ही तिघांनी जे केलं ते आजच्या कुठल्या नियमात बसेल असं वाटत नाही. रॅनिटिडीनची गोळी कुटून त्या टरफलांत दाबून दाबून भरली. आता दोन्ही बाजूंचे पैलवान एकाच रंगाचा लंगोट नेसून उभे. पण रॅनिटिडीन दिवसातून दोनदा लागते आणि आमची एकदाच. म्हणून आमच्या बाजूच्या पेशंटना संध्याकाळची जी कॅप्सूल द्यायची तिच्यात नुसती पिठीसाखर. आता उरली लोकांची समजूत. हिराजीदादांनी कॅप्सूल तळहातावर उलटीसुलटी केली आणि पुडी कुठाय म्हणून विचारलं. डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पुडीच आहे ती. पावसाचे दिवस आहेत, रेनकोट घातलाय." दादांना ते पटलं.

या वेळी निकालासाठी मला आत जावं लागलं नाही. नवरात्राच्या आसपास हिराजीदादा बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. मीच विचारलं, झोप?

"पाठ टेकून निजलो," ते म्हणाले. "बायको उठून बघून गेली, जिता हाय का न्हाय."

दादा या वेळीही आमच्याच कॅप्सुलीवर होते. तीस-पस्तीस वर्षं होत आली, पण माझ्या कामाचं असं सर्टिफिकेट मला पुन्हा कोणी दिलं नाही.

तर छातीत जळणं, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वर येणं, यात आमची कॅप्सूल सरळ जिंकली. रॅनिटिडीननेही लोकांना आराम पडला होता, पण एवढा नाही. गंमत दुसऱ्या गटात झाली. जेवल्यावर जड वाटतं, ढेकर अडकतात, वरच्या पोटात काहीतरी बसलंय असं वाटतं, अशा लोकांत दोन्ही औषधं जवळपास सारखीच. आणि त्यातही कुलकर्णीकाकू.

काकू गिरगावातून नव्यानेच मीरा रोडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहायला आल्या होत्या. गिरगाव सुटल्याचं दुःख त्यांच्या पोटात बसलं होतं असं माझं मत. रिक्षा करून खारीपर्यंत यायच्या, कारण मीरा रोडच्या एकाही डॉक्टरने त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. कुस्तीच्या पंधरवड्यानंतर त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "इतकी वर्षं हे औषध कुठे लपवून ठेवलं होतंत? पोट कसं पिसासारखं झालंय. आणखी महिन्याचं द्या." डॉक्टरांनी सुमनताईकडे बघितलं. सुमनताईने खिडकी लावून घेतली. तिने काकूंच्या बाबतीत सकाळचा आणि संध्याकाळचा डबा एकच धरला होता. काकूंना दोन्ही वेळा साखर गेली होती.

डॉक्टर शब्दाचे पक्के. त्यांनी आमची कॅप्सूल लिहायला सुरुवात केली, पण फक्त ज्यांना आडवं झाल्यावर जळतं त्यांना, आणि तीही ठरावीक आठवडे. बाकीच्यांना साधी गोळी. काकूंना सांगितलं, जेवल्याबरोबर लवंडू नका आणि दर शुक्रवारी येऊन बोलत जा. कॅप्सूल चांगलीच होती, आजही आहे. लागू पडते, हाच तिचा घोटाळा. टपरीवरच्या मंडळींना कोणीतरी कधीतरी चार आठवड्यांसाठी दिली असेल. घ्यायची सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, आणि थांबायचं कधी ते डॉक्टरांना विचारायचं, एवढं सांगायला कोणाला वेळ नव्हता. आम्ही एमआर लोक 'द्या' म्हणायला शिकलो. 'आता बंद करा' हे आमच्या फाइलीत कुठल्याच पानावर नव्हतं, याचं वाईट वाटतं.

त्या वेळी मात्र मला वेगळीच काळजी होती. निवडक पेशंटांना लिहिल्याने माझा खप निवडकच राहिला. दिवाळी तोंडावर आली आणि मेहता सर स्वतः माझ्याबरोबर खारीला यायला निघाले. रिक्षात मला म्हणाले, "आज त्याच्याकडून हो म्हणवून घेऊ. पोटाची कोणतीही तक्रार, एकच उत्तर, आपली कॅप्सूल. तू फक्त मान हलव."

दवाखान्यात सरांनी ते वाक्य फार छान म्हटलं. त्यांचं इंग्रजी ऐकून बाकावरच्या लोकांनीही माना वळवल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मी ओळखत असलेली चमक होती.

"काय रे बीएस्सी, तुझे साहेब म्हणतात सगळ्यांना द्या. गॅस, ढेकर, जड वाटणं, सगळ्यांना. मी आतापर्यंत तुझं ऐकत आलोय. तू म्हणशील तसं करतो."

टेबलाखाली सरांच्या बुटाने माझा बूट दाबला. मला समोर दिवाळी दिसत होती, त्यामागे वडिलांचा काळवंडलेला चेहरा. आणि हेही दिसत होतं की मी हो म्हटलं तर डॉक्टर खरंच सगळ्यांना लिहितील, पण मला पुन्हा काही विचारणार नाहीत.

"नका देऊ," मी म्हटलं. "झोपल्यावर जळतं, वर येतं, त्यांना द्या. नुसतं जड वाटणाऱ्यांना साधी गोळी तेवढंच करते." इथे थांबायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच, "काहींना साखरही."

डॉक्टर गोरक्षकर कागदावर मान खाली घालून काहीतरी लिहायला लागले. काहीच लिहीत नव्हते. त्यांचे खांदे हलत होते.

परत येताना रिक्षात सर बाहेरच्या पाट्या वाचत बसले. खारी गेलं, नवघर गेलं. मी मनातल्या मनात बॅग, फाइल, उरलेले नमुने, काय काय परत करायचं ते मोजत होतो. मग ते एकदम हिंदीत गेले. "ये शक्कर का क्या मामला है?" मी काकूंची हकिकत सांगितली. हसले नाहीत. रिक्षावाल्याकडे एक नजर टाकली, माझ्याकडे सरकले आणि अगदी हळू आवाजात मराठीत म्हणाले, "एक सांग. रात्री झोपलो की मला इथपर्यंत येतं." त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. "हे कुठल्यात बसतं?"

"जड वाटतं की जळतं, सर?"

"जळतं रे. तीन उशा घेऊन झोपतो."

"चघळायची गोळी खाता?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढून दाखवली. आमच्या कंपनीची नव्हती. अर्धी संपलेली होती. कंपनीचं गोडाऊन या माणसाच्या ताब्यात होतं, पण साहेबाने स्वतःच्याच मालाची चौकशी कोणाकडे करायची? मी बॅगेतून नमुन्याची पट्टी काढली आणि डॉक्टरांच्या थाटात सांगितलं की उद्या सकाळी उपाशीपोटी एक, अख्खी गिळायची, आणि आठवड्यात फरक पडला नाही तर सरळ डॉक्टरकडे जायचं, मला विचारत बसायचं नाही. त्यांनी मान हलवली. पट्टी आतल्या खिशात गेली.

मीरा रोड स्टेशनला मी उतरलो. ते तसेच पुढे हायवेला जाणार होते. रिक्षा सुरू होता होता त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"सोमवारपासून काशीमिऱ्याचे डॉक्टर पण तूच बघ. आणि ते साखरेचं तिकडे बोलू नको."

मी बरं म्हटलं. काशीमिऱ्याला कुठली बस जाते याचा विचार करत उभा राहिलो. ज्याला काढायचंय त्याला कोणी आणखी एक गाव जोडून देत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत रिक्षा वळून दिसेनाशी झाली होती.